वाचलेल्या पायांचा आकडा

सोमवारी सकाळी नऊच्या आत आमच्या दवाखान्याच्या हॉलमधल्या सगळ्या खुर्च्या भरायच्या. मग लोक भिंतीला टेकून उभे राहायचे. उभं राहवत नाही म्हणूनच जे आले होते, ते जिन्याच्या पायऱ्यांवर बसकण मारायचे. सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. समोरच्या भिंतीवर एक काळा बोर्ड होता, त्यावर हिरव्या दिव्यांत आकडा: २१३९. खाली लिहिलेलं, 'वाचवलेले पाय'. आणि त्याच्याही खाली, जरा ठळक, 'कापलेले पाय: ०'.

त्या शून्याला लोक हात जोडायचे. खोटं नाही सांगत. एक आजीबाई तर बोर्डासमोर चपला काढून उभ्या राहिल्या होत्या आणि त्यांचा मुलगा मोबाइलवर फोटो काढत होता.

"या, या, आत सरका!" हा आमचा भोंगा. पाटीवर त्याचा हुद्दा 'जनसंपर्क अधिकारी' होता, पण माइकशिवाय गावभर ऐकू जाईल असा आवाज असूनही तो माइक सोडायचा नाही, म्हणून हे नाव. "सकाळी कण्हत या, संध्याकाळी चालत जा! टाके नाहीत, पूर्ण भूल नाही, रात्रीचा मुक्काम नाही! मांडीत मोहरीएवढं भोक, केसाएवढी तार, आणि मेलेली नस जिवंत! अहो, गटार तुंबलं तर नगरपालिका आठ दिवस फिरकत नाही. आमचे डॉक्टर पायाची नस चाळीस मिनिटांत धुऊन देतात!"

मग तो पडद्यावर चित्र लावायचा. आधी करड्या पायातली काळी रेघ, गुडघ्याखाली तुटलेली. मग तीच रेघ थेट घोट्यापर्यंत गेलेली. हॉलमधून "अगं बाई!" असा एकच आवाज उठायचा. चित्र खरं असायचं, बरं का. कुठलीच भोंदूगिरी शंभर टक्के खोटी नसते. तशी असती तर चार दिवससुद्धा चालली नसती.

मी त्या बोर्डाच्या मागच्या खोलीत बसायचे. बावीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, शाळा बंद पडली, आणि इथे फोन करायला लागले. काम सोपं होतं. ज्याच्या ज्याच्या पायाची नस इथे तारेवरून बारीक फुगा घालून उघडली, त्याचं नाव संगणकातल्या नोंदवहीत असायचं. मोठे डॉक्टर तिला रजिस्ट्री म्हणायचे, आणि ते म्हणताना त्यांचा आवाज देवळात गेल्यासारखा व्हायचा. तीस दिवसांनी मी त्या माणसाला फोन करायचा आणि तीन प्रश्न विचारायचे. पाय दुखतो का? पायाला जखम आहे का? आमच्याकडे परत यावं लागलं का? तिन्ही उत्तरं 'नाही' आली की ओळ हिरवी व्हायची आणि पलीकडे हॉलमध्ये आकडा एकाने पुढे सरकायचा. सरकला की भोंगा टाळ्या मागायचा आणि हॉल त्या द्यायचा.

म्हणजे तो आकडा मीच चढवत होते. आणि माझा त्यावर विश्वास होता. मी, जी पोरांना 'उत्तर आलं म्हणून हुरळू नका, पडताळा घ्या' असं ओरडून सांगायची!

विश्वास नुसता मनात ठेवला असता तर एक वेळ चाललं असतं. मी तो घरी नेला.

माझा दादा शिंपी. पायाने चालवायचं मशीन, सकाळी आठ ते रात्री आठ, आणि गालात तंबाखू. वर्षभरापासून त्याच्या डाव्या पोटरीत चालताना गोळा यायचा. दुकानापासून कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबापर्यंत गेला की खांबाला धरून उभा. दोन मिनिटांनी परत चालू. गल्लीतल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "नस अरुंद झालीये, बंद नाही. तंबाखू सोड. या गोळ्या घे. आणि रोज अर्धा तास चाल. दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं. सहा महिने."

दादा घरी येऊन म्हणाला, "चालता येत नाही म्हणून डॉक्टरकडे गेलो, तर म्हणे चाल! मग याची डिग्री काय चाटायचीय?"

तेव्हा मी म्हणाले, माझ्या तोंडाने म्हणाले, "आमच्याकडे ये. दोन हजारांहून जास्त पाय केलेत, एकही कापावा लागला नाही. मी स्वतः फोन करते ना सगळ्यांना."

"बघ," दादा वहिनीला म्हणाला, "मास्तरीण सांगतेय." पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारची तारीख ठरली.

दुसऱ्याच दिवशी, मंगळवारी, मी एका निवृत्त पोस्टमनकाकांना फोन लावला. आवाज अगदी खणखणीत होता.

"काका, पाय दुखतो का?"

"नाही."

"जखम वगैरे?"

"नाही."

"परत आमच्याकडे यावं लागलं?"

"नाही हो."

ओळ हिरवी झाली. भिंतीपलीकडे आकडा २१४० झाला असणार, कारण भोंगा ओरडला आणि टाळ्या पडल्या. मी फोन ठेवणार तेवढ्यात, कामाचा भाग म्हणून नाही, आपलं माणुसकीचं म्हणून विचारलं, "छान. रोज चालता ना मग?"

"चालू कसा, बाई? पाय नाहीये."

मला वाटलं, थट्टा करतायत.

"तुमच्याकडून आल्यावर अकराव्या दिवशी काळा पडला. तुमच्याकडे खाटा नाहीत म्हणाले, म्हणून सरकारी हॉस्पिटलात नेला. गुडघ्याच्या वरून काढला."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही कुठे विचारलंत?" काका शांतपणे म्हणाले. "तुम्ही विचारलं, दुखतो का. नाही दुखत. जखम होती ती पायाबरोबर गेली. तुमच्याकडे परत कशाला येऊ? आणि खरं सांगू? सांगायची लाज वाटते. दोन हजारांत मीच एक फुटक्या नशिबाचा निघालो. बोर्ड बघितलाय ना मी."

मी फोन खाली ठेवला. पलीकडे अजून टाळ्या चालू होत्या.

त्या दिवसापासून मी दोन कामं करू लागले. एक डॉक्टरांचं आणि एक माझं. जुन्या यादीतून दर विसावं नाव उचललं, आवडीनिवडीला वाव नको म्हणून. असे शंभर फोन केले. ज्यांचे फोन उचलले गेले त्यांना चौथा प्रश्न विचारला, "पाय आहे ना?" विचारताना जीभ जड व्हायची. पाच दिवसांत हिशोब झाला. अठ्ठावन्न जण बरे होते. अकरा जणांचं दुखणं आमच्या फोननंतर परत आलं होतं आणि ते दुसरीकडे गेले होते. नऊ जणांचा पाय कापला होता. चौघे वारले होते. अठरा जणांचा पत्ताच नव्हता.

शंभरच्या शंभर ओळी हिरव्या.

वारलेल्यांपैकी एकाच्या बायकोला माझ्या आधी फोन करणाऱ्या मुलीने फोन केला होता. "पाय दुखतो का?" तर ती माउली म्हणाली होती, "आता त्यांना कसलं दुखणं?" मुलीने लिहिलं, 'नाही'. आणि ज्याचा फोन तीनदा लागला नाही, त्याची शेवटची नोंद संगणक पुढे ओढायचा. शेवटची नोंद कुठली? तर तो इथून संध्याकाळी निघाला तेव्हाची. 'ठीक'. पाय कापायचा तर खाट लागते, रात्र लागते. ती आमच्याकडे नव्हती. म्हणून सगळे कापलेले पाय सरकारी हॉस्पिटलच्या वहीत, आणि त्या वहीत आधी फुगा कोणी घातला याचा रकाना नाही. दोन वह्या, मध्ये एक पूल आणि वीस मिनिटांचा रस्ता. अशी त्या शून्याची जादू.

मला सगळ्यात जास्त टोचलं ते वेगळंच. पाय कापलेल्या त्या नऊ जणांपैकी सहा जण दादासारखे होते. जखम नाही, बोट काळं नाही, नुसता चालताना गोळा. स्वतःच्या पायांनी चालत आलेले.

सोमवारी मी कागद घेऊन मोठ्या डॉक्टरांकडे गेले. एक सांगते, तो माणूस लुच्चा नव्हता. लुच्चा असता तर मला सोपं गेलं असतं. त्यांचा त्या बोर्डावर आजीबाईंएवढाच विश्वास होता.

त्यांनी कागद वाचला, दोनदा वाचला. "बाई, चौथा प्रश्न कोणी विचारायला सांगितला?"

"कोणी नाही."

"तो होता आधी. पहिल्या वर्षी. मीच काढला." चष्मा पुसत म्हणाले, "लोक चिडायचे. म्हणायचे, असं अभद्र तोंडातून काढू नका, आमचा माणूस आत्ता कुठे बरा होतोय. एका बाईने तर फोनवर शिव्या घातल्या, तुमच्या बोलण्याने व्हायचं ते होईल म्हणून. मलाही पटलं. अपशकुनी प्रश्न कशाला?"

"डॉक्टर, तुम्ही शिकलेले ना? विचारल्याने पाय जातो?"

"तसं नाही हो. पण मी माझ्या डोळ्यांनी नस उघडलेली बघतो. रोज. ते काय खोटं आहे?"

"उघडलेली तुम्ही बघता. मिटलेली कोण बघतं?"

त्यांनी कागद तिसऱ्यांदा वाचायला घेतला. मला वाटलं, आला माणूस ताळ्यावर. मग त्यांनी कागदाची घडी घातली, खणात ठेवली आणि म्हणाले, "शंभर म्हणजे काही सगळे नाहीत. थकलायत तुम्ही. उद्यापासून फोन दुसरी मुलगी करेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मागच्या खोलीत गेलेच नाही. हॉलमध्ये गेले आणि बोर्डाखाली उभी राहिले. बावीस वर्षं वर्ग शांत केलेत, एका टाळीत हॉल चिडीचूप झाला.

"एक गणित सांगते," मी म्हणाले. "चाळीस पोरांचा वर्ग आहे. बाई विचारतात, तुझ्या वहीत चूक आहे का? एका पोराकडे वहीच नाही. तो म्हणतो, नाही. बाई लिहितात, पैकीच्या पैकी!"

लोक हसले. पहिल्या रांगेतले एक आजोबा तर मांडीवर थाप मारून हसले.

"हा बोर्ड तसाच आहे. आम्ही कापलेल्या पायाला विचारतो, दुखतोस का? तो बिचारा काय सांगणार?" आणि मग मी सगळं सांगितलं. तीन प्रश्न, काढलेला चौथा, हिरव्या ओळी, वारलेले चौघे. "ज्यांच्या पायाला जखम चिघळलीये, बोट काळं पडलंय, त्यांना हाच फुगा वाचवू शकतो. त्यांनी थांबू नये. पण ज्यांचा नुसता चालताना गोळा येतो, त्यांनी आज घरी जा. तंबाखू सोडा, गोळ्या घ्या, चाला. घाई कसलीच नाही."

हसू कधीच संपलं होतं. भोंग्याने माइक उचलला. "मंडळी, बाईंना काल कामावरून काढलंय! आता तुम्हीच ठरवा. इथे दोन हजार एकशे सेहेचाळीस पाय, आणि तिथे एका बाईंचा राग!"

हॉलमधून सुस्कारा आला, सुटका झाल्याचा. काढलंय होय! मग बरोबर.

कडेला बसलेली एक बाई मात्र माझ्याकडे बघत होती. तिच्या शेजारी तिचा नवरा, पाय लांब करून. ती हळूच म्हणाली, "ताई, तुमचं खरंही असेल. पण मग आम्ही जायचं कुठं? सहा महिने चाल म्हणणारा डॉक्टर आम्हालाही भेटलाय. यांना आजच बरं व्हायचंय."

तेवढ्यात मागच्या रांगेतून एक जण उठला. म्हटलं, चला, एक तरी! त्याने जवळ येऊन विचारलं, "बाथरूम कुठल्या बाजूला आहे?"

संध्याकाळी दादाच्या दुकानात गेले. तो मशीनवर होता, वहिनी काजं करत होती. बातमी माझ्या आधी पोचली होती.

"या मास्तरीणबाई. सगळ्या हॉलचा तास घेतलात म्हणे."

"दादा, परवा जायचं नाही." मी शंभरचा हिशोब सांगितला.

तो पाय न थांबवता म्हणाला, "शंभरात नऊ. म्हणजे एक्क्याण्णव वाचले."

"असं नसतं रे! चौघे गेलेत, अठरा सापडतच नाहीत..."

"मग मी अठ्ठावन्नांत. मी कधी कशात नापास झालोय का?"

"चौथीत दोनदा बसला होतास."

वहिनीला हसू आलं. पण तिने ते आवरलं आणि सुई खाली ठेवली. "मला एक सांगा. इथेच बसून तुम्ही म्हणालात, एकही नाही म्हणून. त्या दिवशी आकडा खरा होता. आज नोकरी गेली, तर आकडा खोटा?"

"वहिनी, मी तेव्हा चुकले."

"मग आत्ता चुकत नाहीयात कशावरून?"

बोला. मी दादाच्या पायापाशी जमिनीवर बसले, त्याची बोटं हातात घेतली. गरम होती. "बघ, जिवंत आहे हा. दुखतोय पण जिवंत आहे. तुझ्या पाया पडते दादा, सहा महिने थांब."

"उठ गं वेडे," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. माझी दया आली असेल त्याला. "सहा महिने त्या खांबाला धरून उभा राहू? पोरं हसतात मला."

गुरुवारी तो स्वतःच्या पायांनी जिना चढून गेला. मला घरी बसायला सांगितलं होतं. दुपारी त्याचा फोन आला. "मास्तरीण, नस उघडली बघ! पडद्यावर दाखवली मला. घोट्यापर्यंत!" मी म्हणाले, छान झालं. दुसरं काय म्हणणार?

चौदा दिवस तो खांब ओलांडून चालला. तंबाखू सोडली नाही, आता कशाला सोडायची! पंधराव्या दिवशी सकाळी अंगठा निळा झाला. वहिनीने हॉलच्या नंबरवर फोन केला तर नवीन मुलगी म्हणाली, आमच्या नोंदीत पेशंट ठीक आहे, तरी दुखत असेल तर सरकारी हॉस्पिटलात दाखवा. दाखवला. तिथल्या सर्जनबाईंनी पाय बघितला आणि खुर्ची ओढून बसल्या, तेव्हाच मला कळलं.

"चालताना दुखायचं फक्त? मग एवढ्या खाली, एवढ्या बारीक नसेत शिरायला नको होतं," त्या म्हणाल्या. "आतलं अस्तर सोललं जातं. कुणाकुणाच्यात तिथे गुठळी बसते. बाजूच्या बारीक वाटांनी रक्त जात होतं, त्याही बुजल्यात."

गुडघ्याच्या वरून काढला. मशीनचं पायडल दाबायचा तो पाय.

तिसऱ्या दिवशी दादा बोलायला लागला. छताकडे बघत होता. "दोन हजारांत एकटा मीच सापडलो. काय नशीब म्हणायचं?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी उठले आणि वॉर्डमध्ये खाटेखाटेशी जाऊन विचारलं. बारा खाटा होत्या. तुमच्या पायात फुगा कोणी घातला? कुठे? एक सुतार, एक बस कंडक्टर, एक शाळेतला शिपाई. चौथा दादा. चौघेही त्याच हॉलमधले. बाकीचे तिघे आठ-दहा दिवस एका छताखाली होते आणि एकमेकांशी याबद्दल बोलले नव्हते. तिघेही मला तेच म्हणाले, माझंच नशीब खोटं. कंडक्टर तर म्हणाला, "डॉक्टर देवमाणूस आहे. माझाच पाय दळभद्री."

"मोठ्याने सांगा," मी म्हणाले. "त्या खाटेवरच्याला ऐकू जाऊ द्या."

त्यांनी सांगितलं. दादाने ऐकलं. वहिनी त्याच्या उशाशी बसून पदर चुरगळत होती. मग त्याने मान माझ्याकडे वळवली.

"तुला हे सगळं माहीत होतं."

"हो. सांगितलं होतं ना तुला."

"सांगितलंस," तो म्हणाला. "बांधून का नाही ठेवलंस?"

हे लिहिताना तो हॉल चालू आहे. आकडा साडेबावीसशेच्या पुढे गेलाय, आणि त्यात दादाचा पायही धरलेला आहे. मी अर्ज केले, सर्जनबाईंनी सही केली, पोच मिळाली. पुढे काही नाही. कुणी ऐकेल असं मला वाटत नाही. तरी तुम्ही हे वाचत असाल तर एवढं करा. कुठेही 'एकही नाही', 'शंभर टक्के', 'शून्य' असा आकडा दिसला, मग तो बाबाच्या मठात असो की पांढऱ्या कोटाच्या भिंतीवर, तर हात जोडायच्या आधी तोंड उघडा. विचारा, ज्यांचं वाईट झालं ते कुठे लिहून ठेवता? ज्यांचा फोन लागला नाही, त्यांना कशात धरता? विचारायला अभद्र वाटेल. वाटू द्या. विचारल्याने कुणाचा पाय जात नाही. उत्तर मिळेपर्यंत त्या टेबलावर झोपू नका.

दादाला मी हे विचारायला शिकवलं नव्हतं. मी त्याला आकडा सांगितला होता.